वासाला मनाई

कोठाराखालच्या राज्यात वासाला मनाई होती.

ते राज्य घुशींचे. वर दगडी जोत्यावर एक भले मोठे कोठार उभे होते. त्यात धान्याच्या पोत्यांच्या थप्प्या होत्या आणि थप्प्यांमधून जे सांडे त्यावर खालचे राज्य पिढ्यानपिढ्या पोसले जात होते. घुशी अंगाने भरलेल्या, शिस्तीच्या आणि बोलायला फार गोड. रागावल्या तरी त्यांचा आवाज चढत नसे. त्यामुळे त्या रागावल्या आहेत हे परक्याच्या ध्यानात यायला वेळ लागे. त्यांची अडचण एकच होती. धान्यामागून कीड येतेच. सोंडे, झुरळे, पिसवा त्यांच्या गाद्यांत शिरत, झोपलेल्या पिलांच्या कानांत जात. किडे वेचणे घुशींना जमत नव्हते, आणि जमले असते तरी त्यांनी ते काम हाती घेतले नसते. म्हणून त्यांनी ओढ्यापलीकडून चिचुंद्र्या आणवल्या होत्या.

चिचुंद्री दिवसभर किडे खाते आणि कुरकुर करत नाही. पण तिच्या अंगाला वास असतो. कुशीतून सुटणारा, उग्र, भिंतीला घासली तरी मागे राहणारा. घुशींना चिचुंद्र्यांचे काम हवे होते आणि वास नको होता. यात काही विचित्र आहे असे त्या राज्यात कोणालाही वाटत नसे.

ओढ्यापलीकडे सगळेच उलटे होते. चिचुंद्र्यांचे डोळे असून नसल्यासारखे. त्या एकमेकींना नाकाने ओळखत. पोराबाळांची नावेही त्या वासावरून, मोठ्या तोऱ्यात ठेवत: हिंगोबा, लसणी, शेपू, वेखंडी. मांजर चिचुंद्रीला तोंड लावत नाही ते या वासामुळेच, हे तिथले शेंबडे पोरही जाणून होते. आणि त्यांची एक चाल होती. बिळाबाहेर पडताना आई पुढे होई. पहिले पिलू तिच्या शेपटीचा बुडखा दातांत धरी, दुसरे पहिल्याचा, तिसरे दुसऱ्याचा, आणि ती सगळी रांग गवतातून ओढलेल्या दोरीसारखी सरकत जाई. आई मागे वळून बघत नसे. शेपटीला बसणाऱ्या ओढीवरून तिला सारे कळे. ओढ जड लागली, म्हणजे मागचे कोणीतरी दमले, की ती पाय लहान टाकी.

वेखंडीच्या मागे अशी चौघांची रांग होती. ज्या साली ओढा फुगला, त्या साली पाण्यातून बाहेर येताना तिची शेपटी अचानक हलकी लागली. काठावर येऊन तिने वळून हुंगले तेव्हा मागे एकटा दवणू होता. सर्वांत धाकटा म्हणून त्या दिवशी तिने त्याला आपल्या लगत घेतले होते. त्यानंतर बरेच दिवस ती बसल्या जागी शेपूट हलवून बघत असे.

पाणी ओसरले, पण बांधाचा चिखल झाला आणि चिखलात खायला किडा उरला नाही. तेव्हा वेखंडीने आणि तिच्या नवऱ्याने, हिंगोबाने, कोठाराच्या राज्यात कामाला जायचे ठरवले. परक्या पिलाला तिथे प्रवेश नव्हता. दवणूला तिने आपल्या थोरल्या बहिणीकडे, लसणीकडे ठेवले. निघताना तिने कुशीचे केस उपटून बहिणीच्या बिळात एका कोपऱ्यात नीट दडपले.

"अक्का, रोज निजताना हे याच्या नाकाशी धर," ती म्हणाली. "माझा वास इसरायला नको त्यो. दुसरं काय बी इसरू दे."

"तू नगं काळजी करू," लसणी म्हणाली. "ज्याला हा वास न्हाई, त्याच्या वाऱ्याला बी उभा राहू द्यायची न्हाई मी त्याला."

मग दवणू झोपायचा त्या गवतातली एक काडी वेखंडीने दातांनी खुडली आणि गालात धरली. दोघी बहिणींनी ही देवघेव प्रेमानेच केली होती. त्यात कोणाचेही काही चुकले नव्हते.

राज्याचा कायदा सोपा होता. जो कामकरी निर्वास होईल, म्हणजे ज्याच्या अंगाला कसलाही वास उरणार नाही, त्याला आपले मूल आणता येईल. त्यासाठी एक राखेचा हौद होता. रोज काम संपले की चिचुंद्र्या त्यात लोळत, कुशी घासत, कातडी लाल होईपर्यंत लोळत. दर अमावास्येला वासपारखी येई. वासपारखी म्हणजे एक वयस्कर घूस, फार मानाचा हुद्दा, रुंद ओलसर नाक. तो एकेकाला पुढे बोलावी.

"या. कूस वर करा. शेपूट बाजूला घ्या. भिऊ नका, आपलेच घर आहे," असे तो म्हणे आणि हुंगे. मग जवळजवळ प्रत्येकाला तेच सांगे: "अजून थोडा राहिला आहे. पुढच्या खेपेला बघू."

हिंगोबाचा वास लवकर गेला. तो स्वभावाने उरक असलेला. राखेतही तो कामासारखा लोळे. वेखंडीचा काही केल्या जाईना. जितके घासायचे तितके तिने घासले. बाकी अंगाला काही नव्हते, पण तोंडाशी आला की वासपारखी थांबे, पुन्हा हुंगे आणि मान हलवी. अशा कितीतरी अमावास्या गेल्या. कारण तिला माहीत होते आणि ते तिने हिंगोबालाही सांगितले नव्हते. काडी ती भिंतीच्या फटीत लपवून ठेवत असे, आणि झोपण्याआधी बाहेर काढून तिच्यात नाक खुपसून पडत असे. आपला वास घालवायचा हे तिला समजले होते. मुलाचा वासही मोजला जाईल हे आधी तिच्या डोक्यातच आले नव्हते, आणि कळल्यावरही काडी टाकवत नव्हती.

दवणूची खबर आणायला तात्या होता. तात्या म्हणजे एक म्हातारा बेडूक. ओढ्यापासून कोठाराच्या मोरीपर्यंत तो पाण्यापाण्याने ये-जा करी आणि निरोप पोचवी. माणसासारखा भला प्राणी, पण सदा पाण्यातला. त्याच्या अंगावर कोणाचाच वास टिकत नसे. तो आणी ते नुसते शब्द.

"पोरगं वाढलं," तो म्हणे. "दात आले."

"कोणाची शेपूट धरतं?" वेखंडी विचारी.

"मावशीची धरायचं. आता सोडून चालतं."

ही बातमी चांगली की वाईट हे तिला ठरवता येत नसे. ती तात्याच्या ओल्या पाठीवर नाक टेकवून उगाच हुंगत राही, आणि तात्या संकोचून म्हणे, "पाणी आहे बाई ते."

एका अमावास्येला शेपू निर्वास ठरली. ती वेखंडीच्याच बांधावरची. सगळ्यांनी तिला मिठ्या मारल्या, आणि मिठी मारताना प्रत्येकीला जरा चमत्कारिक वाटले, कारण मिठीत कोणीच नव्हते असे वाटत होते. तिची दोन मुले आणायला तात्या निघणार होता. त्याआधीच, एका संध्याकाळी, शेपू वरच्या जोत्यावर झुरळे वेचायला गेली आणि मांजराने तिला खाल्ले.

मांजर तिथे पूर्वीपासून होते. चिचुंद्र्या त्याच्या मिशांखालून ये-जा करत आणि ते नाक मुरडून तोंड फिरवी. चिचुंद्री मांजराने खाल्ल्याचे कोणी ऐकले नव्हते. घुशींनी गोड शब्दांत हळहळ व्यक्त केली आणि हा अपघात आहे असे सांगितले.  त्या संध्याकाळी हौदावर राखेत उतरायला कोणी पुढे होईना. सगळ्या काठावर उभ्या राहिल्या, आपापल्या कुशी हुंगत.

"आपुन परत जाऊ," वेखंडी म्हणाली.  "मला भ्या वाटतंय. हितं वास गेला की आपुन खाण्याजोगं होतो."

"आन् तिथं जाऊन काय खायचं? चिखल?" हिंगोबा म्हणाला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "त्यो हितं आला की जोत्याखालच्या गल्लीत ठेवू. तिथं मांजराचा पंजा पोचत न्हाई. तुझ्या तोंडाला कशाचा वास हाय, मला ठाव हाय. लई दिस झालं ठाव हाय. मी बोललो न्हाई."

 त्या रात्री वेखंडी काडी घेऊन पडली ती झोपण्यासाठी नव्हे. तिने तो वास एकेक श्वासाने पाठ करायचा प्रयत्न केला: दूध, ओले गवत, कानामागची ऊब, आणि खाली कुठेतरी नुसता दवणू. सकाळी तिने काडी हौदाच्या तळाशी खोल पुरली आणि तिच्यावर लोळली. पुढच्या अमावास्येला वासपारखी तिच्या तोंडाशी थांबला, त्याने पुन्हा हुंगले आणि तो प्रसन्न झाला.

"अभिनंदन," तो म्हणाला. "आता तुम्ही आमच्यातल्याच."

तिला आनंद झाला. खरोखर झाला. फक्त त्या संध्याकाळी तिने मुलाचा वास आठवून पाहिला तेव्हा राखेखेरीज काही आठवेना, आणि ती इतकी घाबरली की हिंगोबाला हाका मारू लागली. हिंगोबा शेजारीच होता. अंधारात तिला ते कळले नव्हते.

दोघांनी तात्याला मुलाला आणायला पाठवले. ओढ्यापलीकडून कोठारापर्यंतची वाट लांब होती आणि बेडकाला शेपूट नसते. दवणूला ती वाट कोणाचीही शेपूट न धरता, पुढच्या टुणटुण आवाजाच्या मागे चालावी लागली. पहिल्या दिवशी तो रडला. नंतर रडला नाही.

त्याच सुमारास घुशींनी एक नवा नियम केला होता. कोणीतरी आपल्या मुलाच्या नावावर शेजारणीचे मूल आत आणले होते आणि ते उघडकीला आले होते. घुशींना फसवणुकीची फार चीड. त्यांनी विचार केला आणि चिचुंद्र्यांचीच चाल प्रमाण धरायचे ठरवले. मूल वेशीबाहेर थांबेल. आई किंवा बाप वेशीच्या आत, उंबऱ्यावर पाठ करून उभा राहील. मुलाने आपणहून शेपूट धरली तर ते मूल त्यांचे. सूर्य बुडेपर्यंत धरली नाही तर वेशीचा दगड लागेल आणि मूल बाहेर राहील. नियम ऐकून चिचुंद्र्यांनाही तो बरा वाटला. कोणते मूल आपल्या आईची शेपूट धरणार नाही?

त्या संध्याकाळी वेशीवर वासपारखी होता, दगड लोटायला दोन दांडग्या घुशी होत्या, आणि मागे गल्लीत साऱ्या चिचुंद्र्या जमल्या होत्या. मोरीतून आधी तात्या आला आणि त्याच्यामागून दवणू. तो जवळजवळ हिंगोबाएवढा झाला होता. वेखंडीने अंधुक डोळ्यांनी त्याचा आकार पाहिला आणि वारा त्याच्याकडून आला. तो वास तिने खोल ओढून घेतला. दूध त्यात नव्हते. पण खाली, तळाशी, तो होता.

"पोचवलं," तात्या म्हणाला आणि अंग सुकू लागल्यामुळे घाईने पाण्यात गेला.

"पाठ करून उभ्या राहा," वासपारखी म्हणाला.

वेखंडी उंबऱ्यावर वळली आणि तिने शेपूट मागे सोडली. ती वाट पाहू लागली. आता ओढ बसेल. आता बसेल. दवणू पुढे आला. शेपटीपासून बोटभर अंतरावर त्याचे नाक थांबले, त्याचा श्वास तिला लागला. मग तो मागे सरकला.

"दवणू," ती म्हणाली. "धर की रं. मी हाय. तुझी आई."

"माझ्या आईला वास हाय," दवणू म्हणाला.



"मावशीनं रोज दिलाय मला वास," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "त्यो वास नसंल तर जायाचं न्हाई, मावशीनं सांगितलंय. तुम्ही कोन हाय?"

हिंगोबा पुढे झाला. त्याने शेपूट सोडली, नाव सांगितले, बांधाच्या खुणा सांगितल्या, लसणीच्या बिळाला दोन तोंडे आहेत हे सांगितले. मूल ऐकत होते आणि दर शब्दाला एक पाऊल मागे जात होते. नाव काय, खुणा काय, कोणीही सांगेल. वेखंडी उंबऱ्याच्या दगडावर कूस घासू लागली. आत कुठेतरी थेंबभर उरला असेल म्हणून ती घासत राहिली, कातडी सोलली, रक्त आले. रक्ताला रक्ताचाच वास होता.

"साहेब, थोडा येळ द्या," हिंगोबा म्हणाला. "तुमच्याच राखेनं गेलाय वास. तुम्हीच पास केलंय तिला."

"आम्हाला त्याचे समाधानच आहे," वासपारखी म्हणाला. "तुमच्या दोघांच्या वास्तव्याबद्दल काही शंका नाही. पण मूल तुम्हाला ओळखत नाही. मग आम्ही कसे ओळखावे?"

ऊन जोत्यावरून उतरले, वेशीसमोरच्या बांधावर गेले आणि तिथूनही निघाले. बांधावर मांजर बसले होते. ते बराच वेळ तिथे बसले असावे. दवणूने तोंड फिरवले आणि आल्या वाटेने, एकटाच, चालू लागला. वाट दाखवायला आता तात्याही नव्हता.

"उंबरा ओलांडू नका," वासपारखी गोड आवाजात म्हणाला. "बाहेर गेलात की सारे पहिल्यापासून. आणि आज बाहेर जाण्यासारखे तुमच्याजवळ काही नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

वेखंडीने ते ऐकले. तिला शेपूही आठवली. तिला इतकी भीती वाटत होती की दात वाजत होते. दगड सरकू लागला तेव्हा ती उरलेल्या फटीतून बाहेर पडली, धावली आणि पुढे जाणाऱ्या मुलाच्या शेपटीचा बुडखा तिने त्या वाजणाऱ्या दातांत धरला.

दवणू किंचाळला. त्याने अंग झटकले, लाथा मारल्या, आणि भ्यालेल्या चिचुंद्रीचा सुटतो तसा त्याचा वास भपकन सुटला. तो तिच्या तोंडावर, डोळ्यांवर, सोललेल्या कुशीवर पसरला. ती शेपूट सोडीना. मागे दगड बसल्याचा आवाज झाला आणि त्याच क्षणी तिच्या स्वतःच्या शेपटीला ओढ बसली. कोण आहे हे तिने वळून पाहिले नाही.

मांजर बांधावरून उतरले होते. ते वाटेच्या कडेला येऊन दबा धरून बसले. शेपटीचे टोक तेवढे हलत होते. दवणू जागच्या जागी थिजला. पुढे मांजर होते, मागे दगड होता, आणि शेपटीला दोन परक्यांचे ओझे लागले होते. पळायचे तर शेपूट सुटत नव्हती. मग तो चालू लागला, कारण दुसरे करण्यासारखे काही नव्हते. वारा पुढून मागे वाहत होता. मांजराने नाक उचलले. त्याच्या मिशा थरथरल्या. दवणू त्याच्यासमोरून जाऊ लागला. त्यामागून ते दोघे निघाले, ज्यांना स्वतःचा कसलाही वास नव्हता.

मागची ओढ जड होती. त्या दोघांचे पाय राखेने सोललेले होते आणि ती चाल त्यांना झेपत नव्हती. दवणूला ते शेपटीत कळले. त्याने मागे वळून पाहिले नाही. मांजराच्या मिशांखालून जाताना, भीतीने सगळे अंग पुढे पळू पाहत असताना, तो पाय लहान टाकू लागला.